सात वेळा साहेब, दोनदा देव

“मी तळेगावच्या स्टँडवर माझ्या आईबरोबर भीक मागत होते.”

हे वाक्य मी पहिल्यांदा माइकवर बोलले तेव्हा दहा वर्षांची होते. पुलगावात चर्चच्या मैदानावर मंडप टाकला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या. शेवटच्या सतरंजीवर खांबाला टेकून माझी माय बसली होती. माझं वाक्य भोंग्यातून मैदानभर गेलं. खुर्च्यांवरच्या बाया चुकचुकल्या. एकीनं डोळ्यांना रुमाल लावला. मायनं मान खाली घातली आणि सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत बसली.

भीक आम्ही कधीच मागितली नव्हती.

माझ्या मायचा अपमान त्या दिवशी मी केला. माझ्या तोंडानं. पाठ करून, न अडखळता. वर टाळ्या मिळाल्या. एक कंपासपेटीही मिळाली.

आता खरं काय ते सांगते. आम्ही गोंड. गाव तळेगावच्या पुढं, डोंगराला लागून. मी चार वर्षांची असताना बाप गेला. हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि साप चावला. मायनं कापूस वेचला, निंदण केलं, आणि दिवाळीच्या आसपास डोंगरातली सीताफळं टोपलीत भरून तळेगावच्या स्टँडवर विकली. प्रभूचं नाव तिला शेजारच्या म्हाताऱ्या मावशीनं सांगितलं होतं. मला विषमज्वर झाला तेव्हा ती मावशी माझ्या उशाशी प्रार्थना करत बसून राहिली. मी उठले. तेव्हापासून मायनं येशूला धरलं ते धरलंच. तिला वाचता येत नव्हतं, लांबलचक प्रार्थना येत नव्हती. घास तोंडात घालायच्या आधी ती एवढंच म्हणायची, “देवा, हे तुनं देल्लं.”

त्या स्टँडवर एक दिवस एक गाडी थांबली. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी उतरले. त्यांना सगळे साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणते. त्यांनी सीताफळं घेतली. मी ज्या पेपरात फळं बांधत होते, त्यातली बातमी मोठ्यानं वाचत होते. साहेबांना गंमत वाटली. मंडळीचं पुलगावात मुलींचं वसतिगृह होतं आणि साहेबांची बायको तिथली वॉर्डन. “पाठव हिला आमच्याकडे,” ते मायला म्हणाले. मायनं पाठवलं. शाळा मिळाली, पोटभर वरणभात मिळाला. त्याचे उपकार मी आजही मानते. खोटं कशाला बोलू?

पण नुसते उपकार करून साहेबांचं भागत नव्हतं. ते चारचौघांनी बघायला हवे होते.

आमच्यात साक्ष देतात. म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सभेत उभं राहून सांगायचं. चांगली रीत आहे. ज्याची साक्ष त्यानं आपल्या शब्दांत द्यायची असते. माझी साक्ष मॅडमनी लिहिली, म्हणजे साहेबांच्या बायकोनं. वहीचं पान, निळी शाई. त्यात माझा बाप दारू पिऊन मेला होता. माय मोहाची दारू गाळत होती. आम्हाला देव कोण ते ठाऊकच नव्हतं. सीताफळाच्या टोपलीचा तर पत्ताच नव्हता. टोपलीच्या जागी पसरलेला हात होता.

मी म्हटलं होतं. दहा वर्षांची होते, तरी म्हटलं होतं. “मॅडम, आम्ही सीताफळं विकत होतो.”

मॅडम हसल्या. “अगं, सीताफळं ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?”

साहेब बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि मला नम्रता शिकवली. “बेटा, साक्षीत स्वतःबद्दल चांगलं बोलायचं नसतं. तो गर्व. आपण शून्य. तू स्वतःला जितकं खाली आणशील, तितका देवाचा गौरव होतो.”

झाले मी शून्य. मायलाही शून्य केलं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात सभा भरायची आणि दरवर्षी मी तो कागद म्हणायची. सलग आठ वर्षं. मंडळीत मला कोणी नावानं ओळखत नव्हतं. साहेबांनी स्टँडवरून उचललेली पोरगी, ही माझी ओळख. वसतिगृहात भांडण झालं की मुली माझ्यापुढं हात पसरून दाखवायच्या.

आणि माय दरवर्षी यायची. तळेगावहून आर्वी, आर्वीहून पुलगाव. दोन एसट्या बदलून, टोपली सांभाळत. डोंगरातली सगळ्यांत मोठी सीताफळं ती देवासाठी बाजूला काढून ठेवायची आणि अर्पणाच्या वेळी वेदीपुढं नेऊन मांडायची. कोणी आणली, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. सभा उठली की टोपली मॅडमच्या स्वयंपाकघरात जायची. साहेबांच्या टेबलावर ती सीताफळं मी डोळ्यांनी बघितली आहेत. बिया काढून, दुधात कालवून. भिकारणीची सीताफळं यांना चालत होती.

पुढे मी नर्स झाले. वर्ध्याच्या एका दवाखान्यात आहे. मायला माझ्याजवळ आणलं, तिचे गुडघे गेलेत. सभेच्या दिवसांत मी ड्यूटी मागून घ्यायची, म्हणजे साक्ष टळायची. पण मायचा जीव त्याच चर्चमध्ये, म्हणून अधूनमधून रविवारी दोघी पुलगावला जायचो. मागं बसायचो आणि निघून यायचो.

या मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. मंडळीचा नवा प्रार्थना हॉल तयार झाला होता. उद्घाटनाला बाहेरून पाहुणे येणार होते.

“तीच साक्ष द्यायची. कागदाचा फोटो पाठवलाय बघ तुला. शेवटी फक्त हॉलचं एक वाक्य जोड. आणि आईला स्टेजवर आणायचं. जुनं लुगडं नेसव तिला. नवीन साडी नको, फोटोत बरं दिसत नाही.”

फोन स्पीकरवर होता. माय समोर मेथी निवडत बसली होती.

मी फोटो उघडला. तेच पान, तीच निळी शाई. इतक्या वर्षांत ते पान मी फक्त पाठ म्हटलं होतं, वाचलं नव्हतं. आता वाचलं. आणि मोजलं. साहेबांचं नाव सात वेळा. देवाचं दोनदा. त्यातलंही एकदा शेवटच्या ओळीत, आभाराच्या रिवाजापुरतं. पुन्हा मोजलं. सातच. शास्त्र सांगतं, अभिमान धरायचाच तर प्रभूचा धरा. हे वचन साहेबांचं फार आवडतं, दर सभेत ऐकवायचे. मला शून्य व्हायला शिकवणारा हा माणूस माझ्याच साक्षीत सात वेळा मिरवत होता.

“म्या भीक नाई मागतली, बाई,” माय म्हणाली. मेथीकडं बघतच. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

“मंग बोलली काऊन नाई? दरसाल येऊन आयकत होतीस, काऊन?”

“तुले पाहाले येत होती न. एरवी कुठी भेटू देत होते ते? अन् बोलली असती त तुले काढलं असतं तठून.” तिनं एक काडी मोडली. “तू लहान होती. तुह्यावर राग नाई माहा. पण देवापुढं माह्या नावानं खोटं बोलले थे लोकं. थे लय लागते मले.”

मी रडले नाही. रडायला जागाच नव्हती, इतका राग भरला होता. साहेबांचा, मॅडमचा. त्याहून जास्त माझा स्वतःचा.

उद्घाटनाला माय नवी हिरवी साडी नेसून आली. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड फिरवलं. हॉलच्या दारात संगमरवरी पाटी होती. वर साहेबांचं नाव, सोनेरी, टपोऱ्या अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत ‘देवाच्या गौरवासाठी’. देवाचं नाव वाचायला वाकावं लागत होतं.

मायनं स्टेजवर यायला नकार दिला. ती मागं सतरंजीवर जाऊन बसली. साहेबांनी माइक घेतला. “या मुलीला मी कुठून आणलं, ते तिच्याच तोंडून ऐका.”

मी माइकपुढं गेले. फोन पर्समध्येच ठेवला.

“माझी माय तिथं मागं बसली आहे, हिरव्या साडीत. तिनं कधी भीक मागितली नाही. ती सीताफळं विकत होती. माझा बाप दारूनं नाही, साप चावून मेला. साहेब भेटायच्या आधीपासून माझी माय प्रभूची आहे. मला तापातून उठवलं ते देवानं. साहेबांनी शाळेचं दार उघडलं, त्यांचे आभार. पण या माइकवर मी आठ वर्षं खोटं बोलले. त्याची माफी मी मायची मागते. आणि ज्या बाईला भिकारीण समजून तुम्ही रडलात, तिची सीताफळं दरवर्षी या वेदीवरून साहेबांच्या घरी गेली आहेत. एवढीच माझी साक्ष.”

टाळी पडली नाही. मागच्या सतरंजीवरून एक म्हातारी मोठ्यानं “आमेन” म्हणाली. मग पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, घाईघाईनं गीत सुरू केलं.

गीत चालू असतानाच साहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पाळकही आले.

“गर्व चढला तुला,” साहेब म्हणाले. “खायला घातलं, शिकवलं, त्याचं हे फळ?”

“मी खोटं काय बोलले ते सांगा, साहेब.”

“खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. प्रश्न नम्रतेचा आहे.”

हे त्यांचे शब्द. एकही मी पदरचा घातलेला नाही. पाळक आपल्या बुटांकडं बघत होते. निकाल साहेबांनीच दिला. मी लेखी माफी द्यायची. ती रविवारी मंडळीपुढं वाचली जाईल. तोपर्यंत प्रभुभोजन बंद, माझंही आणि मायचंही.

“मायनं काय केलं?” मी विचारलं.

“तिनं तुला आवरलं नाही.”

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. माय त्यासाठी महिनाभर वाट बघते. आदल्या दिवशी कोणाशी वाकडं बोलत नाही. तिचा तो घास साहेबांनी अडवला. तोही नम्रतेचं नाव घेऊन. अरे, नम्रता तुम्ही काय शिकवता? सगळ्यांत मोठं फळ देवाला देऊन जी नाव न सांगता मागं जाऊन बसली, तिला विचारा नम्रता काय असते. तुम्ही मला शिकवलं ते साहेबांपुढं वाकणं. देवाचं नाव तुम्ही त्याला उगाच लावलं.

घरी येऊन मी कागद घेतला. लिहिलं, ‘माझ्या मायनं भीक मागितली नाही. ती सीताफळं विकत होती.’ खाली माझी सही केली.

“वाच,” माय म्हणाली. वाचलं.

“आण थो पेन इकडं. मले येते आता लिहाले.”

सही मीच तिला शिकवली होती, वर्ध्याला आल्यावर. तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं. कागदाच्या मागं वळ उठले.

रविवारी तो कागद मी पाळकांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि हळूच म्हणाले, “ही माफी नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

त्याला सहा महिने झाले. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी आम्ही जातो. आता मागं बसत नाही. पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसतो. भाकरीचं ताट आमच्यापुढून निघून जातं. माय ताटाकडं बघते आणि तिचे ओठ हलतात. “देवा, हे तुनं देल्लं.” आम्ही उठत नाही. माफी मागणार नाही. दुसरं चर्चही शोधणार नाही. देव काही साहेबांनी बांधलेला नाही.

दिवाळीनंतर सभा आहे. मायनं गावात निरोप धाडलाय, डोंगरातली मोठी सीताफळं राखून ठेवा म्हणून. ती टोपली वेदीपुढं मांडील, नेहमीसारखी. पण सभा उठल्यावर ती मॅडमच्या स्वयंपाकघरात जाणार नाही. ती मी उचलणार आहे. साहेबांच्या डोळ्यांदेखत मागच्या सतरंज्यांवर नेऊन एकेक फळ हातात देणार आहे, आणि कोणी आणलं ते प्रत्येकाला मायच्या नावानिशी सांगणार आहे.