खंडेनवमीचा पाना

दादाच्या मृत्यूची बातमी मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. खांद्याचं हाड मोडून मी वाचलो, आणि आता भेटायला येणारा प्रत्येक जण ‘वेळ आली होती’ असं ऐकवून जातो. कसली वेळ? एक बोल्ट सैल होता, तो आवळायला पाच मिनिटं लागली असती.

रामोजीदादा माझा थोरला चुलतभाऊ. तंजावरच्या दरबारात कारकुनी केलेल्या आमच्या घराण्यातल्या पोराने कुंभकोणमजवळ साक्कोट्टैच्या रस्त्यावर गॅरेज टाकलं म्हणून काकांनी वर्षभर अबोला धरला होता. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. स्टिअरिंग ही त्याची खासियत. स्टिअरिंगचं चाक जड लागतं म्हणून गाडी आली की तो आधी टायरमधली हवा बघायचा, मग तेल, आणि निम्म्या लोकांना तिथूनच परत पाठवायचा. एका डॉक्टरीणबाईंचं चाक जाम झालं, किल्ली फिरेना. दुसऱ्या कोणी त्यांना अख्खा कॉलम बदलायला सांगितलेला. दादाने चाक जरासं डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवली, लॉक सुटलं, आणि त्यांच्याकडची कॉफी पिऊन तो परत आला. पण चाकाखालच्या दांड्यात खरोखर ढिलेपणा सापडला की त्याच्याइतका खडूस माणूस नाही. एका प्राध्यापकांची किल्ली त्याने दोन दिवस कनवटीला लावून ठेवली होती. त्यांनी तमिळमधून यथेच्छ शिव्या दिल्या, दादाने तमिळमधूनच ऐकून घेतल्या, गाडी काही दिली नाही.

आणि त्याच माणसाने... याचाच मला संताप येतो.

त्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी. मला दुपारच्या आत तिरुप्पनंदाळला लेकीच्या सासरी पोचायचं होतं, आणि वळताना माझ्या गाडीच्या स्टिअरिंगखाली टकटक वाजत होतं. दादाने मला चाक हलवायला सांगितलं, स्वतः पेडलपाशी आडवा होऊन दांड्याच्या जोडावर हात ठेवला. “वरचा दांडा फिरतो, खालचा थांबून मागनं फिरतो. बोल्ट सैल अहे, दातही जरा झिजलेत.” एवढं बोलून तो हात पुसायला लागला. पाने, हातोड्या, जॅक, सगळं पाटावर चंदन-कुंकू लावून मांडलेलं. विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही.

“उद्या सकाळीं पहिलं काम तुझंच,” दादा म्हणाला.

“मग मी बसनं जातों.”

“नव्या व्याह्यांच्या दारीं बसनं? नक्को. मी चालवतों. हिचं दुखणं मला ठावं अहे.”

दुखणं ठाऊक होतं, म्हणून त्याने गाडी हळू चालवली. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर किल्ली कनवटीला गेली असती. घरचा माणूस म्हणून हा लाड. कालव्याच्या वळणावर समोरून लॉरी आली. दादाने चाक पूर्ण फिरवलं. ते फिरलं, गाडी फिरली नाही. आम्ही सरळ चिंचेवर गेलो आणि तो दांडा त्याच्या छातीवर आला.

मी त्याच्यावर चिडलोय, मेलेल्या माणसावर चिडू नये हे कळत असूनही. हॉस्पिटलात चिडलो, तेराव्याला चिडलो. देवीला एक पाना कमी पडला असता का? हे मी काल वहिनींनाही बोललो. त्या दिवसापासून बंद असलेली गॅरेजची शेड त्यांनी काल उघडली होती. पाट तसाच होता, झेंडू काळे पडलेले. विजयादशमीला पूजा उतरवायला कोणाला सवडच झाली नव्हती. वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“तेनी शिवणार नव्हते, अमाला ठावं अहे,” त्या म्हणाल्या. “तुमी कां नाही उचललांत, भाऊजी?”

बोल्ट कुठला ते दादाने बोट ठेवून दाखवलं होतं. पाना तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होता.

मी वाकून तो उचलला. वाळलेलं चंदन फरशीवर सांडलं. बाकी काही झालं नाही.