गेंडिणीचं डोहाळजेवण

काळ्या गेंडिणीचं डोहाळजेवण पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसाने केलं असेल, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा.

मामा मोटारींचे इंजिनिअर. उमेदीची वर्षं जर्मनीत वोल्फ्सबुर्गला काढून ते आणि जर्मन मामी आमच्याजवळ, एर्लांगेनला राहायला आले. ही दोन हजारच्या दशकातली गोष्ट. निवृत्तीनंतर लोक गुलाब लावतात. मामांनी रेल्वेने तासाभराच्या अंतरावरच्या एका प्राणिसंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं आणि काळ्या गेंड्यांच्या कुंपणाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती द्यायला सुरुवात केली. माहिती गाडीच्या भाषेत. "वजन टनाच्या आसपास, पण वळते रिक्षासारखी. हेडलाइट कमजोर, थोडं लांब गेलात की तुम्ही झाड की माणूस, तिला कळत नाही. पण कान बघा, दोन्ही वेगवेगळे फिरतात!" हा तर करडा आहे, काळा कुठे, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असे : "नाव कंपनीने काहीही ठेवावं. ज्या चिखलात लोळेल तो तिचा रंग." नाकावरच्या दोन शिंगांत हाड नसतं, ती नखांच्याच जातीची असतात, हे सांगताना ते समोरच्याला स्वतःची नखं तपासायला लावत. या गेंड्याला पुढचे दात नसतात. वरचा टोकदार ओठ बोटासारखा वळवून तो फांदी धरतो. हे मामांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर, हात पाठीमागे बांधून, आमटीतली कोथिंबिरीची काडी ओठाने उचलून दाखवलं. काडी निघाली. शर्ट मात्र कामातून गेला.

गेंडिणीसाठी दुसऱ्या गावाहून नर आणला, तेव्हा मामांचा मुक्काम तिथेच पडला. या जातीत प्रियाराधन आणि मारामारी यांत बाहेरून फरक दिसत नाही. नर पाय ताठ करून जवळ येई, मादी फुस्कारत अंगावर धावे, तो मागे हटे आणि पुन्हा येई. हे काही आठवडे चाललं. "आमच्या लग्नाला माझ्या वडिलांनीसुद्धा एवढा विरोध केला नव्हता," मामा म्हणाले. पुढे शेणाच्या तपासणीतून दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी ट्राममधून फोन करून ही बातमी मराठीत, ओरडून दिली.

पण मामांच्या या आरडाओरड्याच्या खाली भीती होती. गेंडिणीचं पहिलं पिल्लू जन्मलं ते मेलेलंच. काळी गेंडीण एका वेळी एकच पिल्लू देते, तेही पंधरा-सोळा महिने पोटात वाढवून. ही आता वयाने मोठी होती. तिची देखभाल करणारी जर्मन बाई मोजकं बोलणारी. "आल्झो, असं आहे," ती मामांना म्हणाली होती, "ही बहुतेक शेवटची संधी."

शेवटच्या संधीला मामांचं उत्तर म्हणजे डोहाळजेवण. बायकांचं सातव्या महिन्यात करतात, म्हणून त्यांनी त्रैराशिक मांडून गेंडिणीचा बारावा महिना काढला. मामी तीस वर्षं मराठी घरात काढलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ती गेंडा आहे. सून नाही."

सप्टेंबरातल्या एका रविवारी आमच्या गावातल्या मराठी बायका हिरव्या साड्या नेसून कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. ओटीत नारळ नव्हता. प्रत्येकीने एकेक फांदी आणायची, असं ठरलं होतं : विलो किंवा हेझल, या दोनच झाडांची. एरवी मामा देखभाल करणाऱ्या बाईकडे फांदी देण्याआधी पानन् पान तपासत, म्हणून ती त्यांची मोळी पुन्हा पाहत नसे. त्या दिवशी मामा गाणी म्हणवून घेण्यात आणि फोटो काढण्यात गुंतले होते. मोळी तशीच आत गेली. गेंडिणीने ओठ पुढे केला, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभराने देखभाल करणारी बाई बाहेर आली. तिच्या हातात एक अर्धवट चावलेली डहाळी होती. गर्द हिरवी, बारीक पानं, त्यांत लाल फळं. जर्मनीत घरोघरी तिचं कुंपण असतं आणि घोड्याला तिची ओंजळभर पानं पुरतात, मरायला. गेंडा घोड्याच्याच नात्यातला.

"ही कोणी आणली?"

नुकतीच पुण्याहून आलेली एक मुलगी रडायला लागली. "हिरव्यावर लाल होतं ना... शकुनाचं वाटलं मला."

"तिची चूक नाही," मामा म्हणाले. "बघायचं काम माझं होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाली. "तुमचं होतं." किती खाल्लं, ते कोणालाच माहीत नव्हतं, सगळे फोटोत हसत होते. पशुवैद्य आले. आम्हाला घरी पाठवण्यात आलं, आणि मामांना पुन्हा आतल्या बाजूला न येण्याविषयी सांगण्यात आलं.

गेंडीण त्या रात्रीतून वाचली. पोटातलं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानंतरचे महिने मामा घरात बसून होते. फोन वाजला की ते उठत आणि मामींनी उचलेपर्यंत उभे राहत. गाडीची भाषा बंद झाली. मी एकदा मुद्दाम विचारलं, "पिल्लू जन्मतं तेव्हा शिंगं असतात का हो, मामा?" ते म्हणाले, "नसतात." एवढंच.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो असताना फोन आला. मामी ऐकत होत्या. "हो... हो..." मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "जिवंत आहे. पण उभं राहत नाही."

मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पिल्लू तासा-दोन तासांत उभं राहायला हवं, उभं राहिलं तरच दूध मिळतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. चहावर साय धरली. दुसरा फोन मामांनी स्वतः घेतला. पलीकडून देखभाल करणारी बाई बोलत होती, आम्हालाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने : "उभं आहे. पितंय." मामांनी "डांके" म्हणून आभार मानले, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

एप्रिलमध्ये पिल्लाला बाहेर सोडलं. गावातल्या बायकांनी बारशाचा विषय काढला. मामांनी हात जोडले. "नको. त्यांचं ते ठेवतील नाव." मी त्यांना घेऊन गेलो. कुंपणाशी गर्दी होती. आई पुढे, पिल्लू तिच्या मागे मागे, असं लोक एकमेकांना सांगत होते. मामा लांबच्या बाकावर बसले.

"पुढे जायचं ना?" मी विचारलं.

"कशाला? इथून दिसतंय की."

मी त्यांच्या शेजारी बसलो. तिथून फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या.