साठ सह्या आणि एक अर्ज

अन्याय झाला तो खडकीतल्या आमच्या शेजारच्या चाचींवर. गेल्या एप्रिलमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सरकारी बँकेच्या खिडकीवर. "घरात शिवता म्हणजे धंदा नाही. दुकानाचे कागद आणा," असं म्हणून कारकुनाने त्यांना परत पाठवलं.

धायरीच्या एका शाळेने चाचींना गणवेशांचं काम देऊ केलं होतं. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन महिन्याभरात आलं तरच; त्यासाठीच त्या बँकेत कर्ज मागायला गेल्या होत्या. नाहीतर काम दुसऱ्याला.

मी तापलो. पत्रक काढलं, गल्लीतून साठ सह्या जमवल्या, बँकेत निवेदन दिलं. आवकचा शिक्का चाचींना दाखवून म्हटलं, "झालं काम!"

दहा दिवस काहीच हललं नाही. मग पत्रकं घेऊन बँकेच्या दारातच उभा राहिलो. मॅनेजरबाई बाहेर आल्या, पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"छान लिहिता. अर्ज कुठे आहे?"

"निवेदन दिलंय ना! शिक्का आहे."

"निषेध पोचला हो. कर्जाचा अर्ज कुठे आहे?"

तो कुणी भरलाच नव्हता. आम्ही चळवळवाले, निवेदन दिलं की आमचं काम संपतं. साठ सह्यांत चाचींची सहीसुद्धा नव्हती.

बाईंनी कारकुनाला सगळ्यांसमोर सांगितलं, "घरातला धंदाही धंदाच असतो." तो ओशाळला. दोन खिडक्या एकटा सांभाळत होता बिचारा. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यानेच चाचींचा अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः काम बघायला घरी आल्या. एका शर्टाची शिवण ओढून पाहिली. "माझ्या मुलाचा शर्ट आठवड्यात फाटतो. हा टिकेल?"

"शर्टाचं मी बघते मॅडम," चाची म्हणाल्या, "पोराचं तुम्ही बघा."

मशीन वेळेत आलं. जूनमध्ये गणवेश गेले. आता चाचींकडे गल्लीतल्या आणखी दोघी शिवायला बसतात. ही बँक आपली आहे, हे मी पत्रकात लिहायचो, पटलं ते मशीन आलं तेव्हा.

तरी ते दहा दिवस माझ्यामुळे गेले, हे विसरत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो: तुमच्या गल्लीत घरात मशीन चालवणारी बाई असेलच. उद्या दहा वाजता तिच्याबरोबर बँकेत जा. खिडकीवर कुणी नाही म्हणालं, तर मॅनेजरला भेटा. अर्ज भरून, पोच हातात घेऊनच बाहेर या. सह्या नंतर गोळा करा.