अरबी समुद्रावरची चौकट

प्रोफेसरबाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच आमचा बॉस वॉल्टर जास्त घाबरला. हाच नकाशा छापणार असाल तर पुस्तकावर माझं नाव नको, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या नावाशिवाय ते पुस्तक शाळा घेणार नव्हत्या.

ऐंशीचं दशक होतं. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात, मी शाळेच्या पुस्तकांचे नकाशे काढत असे. हा नकाशा इस्लामच्या पहिल्या दोन-तीन शतकांचा. मक्का-मदिनेपासून निघालेले सैन्याचे काळे बाण, खलिफांच्या राज्याला हिरवा रंग. माझं एकटीचं हे पहिलं मोठं काम. बाईंचं म्हणणं, राज्य झपाट्याने पसरलं. धर्म सावकाश पसरला, पिढ्यान्‌पिढ्या, आणि कितीतरी ठिकाणी व्यापाऱ्यांबरोबर. ते व्यापारी यात कुठायत?

वॉल्टर म्हणाला, काम बाहेरच्या स्टुडिओला देऊ. माझं डोकंच फिरलं. दुपारपर्यंत वेळ मागून घेतला.

व्यापारी शोधायला गेले आणि माझं मलाच हसू आलं. नकाशातल्या खुणांचा अर्थ सांगणारी चौकट असते, तिला लेजंड म्हणतात. समुद्र रिकामा दिसला की लेजंड तिथे ठोकायचं, ही आमच्या धंद्यातली खोड. इथे ते नेमकं अरबी समुद्रावर बसलं होतं, कोकणपट्टी झाकून. मी मूळची चौलची. इस्लामच्या आधीपासून अरबांची गलबतं आमच्या किनाऱ्याला लागत. पुढे त्याच वाटेने तेच खलाशी नवा धर्म घेऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"लेजंड सहारात टाक," वॉल्टर म्हणाला. "तिथे नुसती सँड आहे."

"तिथूनही व्यापाऱ्यांचे तांडे जायचे," मी म्हटलं, आणि चौकट नकाशाच्या बाहेर, खाली नेली.

आता सागरी वाटा दाखवायच्या कशा? काळ्या रेघा सैन्याच्या बाणांत मिसळल्या असत्या, आणि काळी, निळी, हिरवी सोडून चौथी शाई मिळणार नव्हती. छपाईत प्रत्येक शाईसाठी वेगळी फिल्म, म्हणजे पारदर्शक पट्टी, असते. मी निळ्या शाईच्या फिल्मवर बारीक तुकड्यांची रेघ झाकली. झाकलं तिथे शाई लागत नाही, कागद पांढरा राहतो. निळ्या समुद्रातून पांढऱ्या तुटक वाटा निघाल्या: येमेन आणि ओमानहून कोकण, मलबार, आफ्रिकेचा पूर्व किनारा. जादा शाई एक थेंबही नाही.

प्रूफ बघायला बाई स्वतः आल्या. बराच वेळ बोटाने पांढऱ्या वाटा गिरवत राहिल्या.

"हा माझ्या नावाने छापा," त्या म्हणाल्या. "आणि काढणारीचं नावही खाली घाला."

वॉल्टरने मान डोलावली. स्टुडिओचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी मी ऑफिसातून अक्षरशः तरंगत बाहेर पडले.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी एकच नियम सांगितला: समुद्रावर चौकट ठोकण्याआधी तिथून कोणाची गलबतं जातात, ते विचारून घ्यावं.