मोरीतली वाकळ

मालनबाई पिंगळीची लेक, लग्न होऊन जिंतूरला आली. गल्लीमागचा ओढा साफ झाला तो तिच्यामुळं, हे कुणीही सांगंल. बाई लय तोंडाची! शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं घरोघर जाऊन माणसं उठवली, हातात टोपली-फावडी दिली आन् गाळ काढायला लावला. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "घाण टाकताना हात दुखले न्हाईत, आन् आताच बरे दुखायलेत!"

मेंढपाळ रायभानची मेंढरं त्याच ओढ्यावर पाणी प्यायची. मालनबाईनं सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. "ह्या मेंढरांनीच ओढा नासवलाय," म्हणत तिनं पाण्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. रायभानची बायको कासाबाई येऊन हात जोडून गेली. भर उन्हाळ्यात जित्राबं न्यायची तरी कुठं? पण मालनबाई कुठली ऐकायला!

शेवटी राहिली पुलाखालची मोरी. ती तुंबली म्हणूनच सारी घाण साचत होती. बाप्यांनी आकडा घालून ओढलं, तर चिखलानं माखलेली एक वाकळ बाहेर आली. टोकाला डाळिंबी काठ दिसला आन् मालनबाईनं तो लगेच ओळखला. काठ तिच्याच लग्नातल्या लुगड्याचा होता. ते जुनं लुगडं लावून सासूसाठी ही वाकळ तिनंच शिवली होती. म्हातारी गेली तेव्हा, मेलेल्या माणसाचं अंथरूण पाण्यात सोडायची रीत म्हणून, तिनंच ती ओढ्यात टाकली होती.

"मेंढरंवाल्यांचीच असंल," शेजारचे किशनराव म्हणाले. "दुसऱ्या कुणाची?"

आता बोल की बाई! एरवी जिभेचा पट्टा थांबायचा न्हाई, आन् आता बाई खाली वाकून टोपलीतला गाळच चिवडत बसली.

काठावर उभी असलेली कासाबाई खाली उतरली. "आमची न्हाई ती. पन मी नेऊन जाळते, मालनबाई. तेवढं मेंढरास्नी पाणी पिऊ द्या."

"काढा त्या काट्या," मालनबाई कशीबशी म्हणाली.

"मन लय मोठं हाय बाईचं!" किशनराव सगळ्यांदेखत म्हणाले. मालनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकळ माझी हाय, एवढंच तर म्हणायचं होतं. ते काही तिला जमलं न्हाई.

कासाबाईनं वाकून तिचे पाय धरले. मग ती ओली, घाणेरडी वाकळ डोक्यावर घेतली आन् गल्लीतून, सगळ्यांच्या दारावरून घेऊन गेली.