अकरा वर्षं न दाबलेलं बटण

मी अजून सावरलेलो नाही, म्हणून घडलं ते क्रमानेच सांगतो.

दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, कवळ्या बनवतात. एका दाताच्या कोपऱ्यावर दोन-दोन तास घासत बसणारा माणूस. घरी आले की तेच हात एका तीस वर्षं जुन्या जपानी टर्बो गाडीला लागायचे. ताई तिला सवत म्हणायची, आणि काही खोटं म्हणत नव्हती. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. दाजींनी तो मोठा बसवला, पाइप बदलले आणि शेवटी, अकरा वर्षांपूर्वी, गिअरशेजारी एक लाल बटण लावलं. ते दाबलं की पंख्याचा जोर दीडपट. दर रविवारी फिरून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं चालू ठेवून पंखा निवू द्यायचा, हा त्यांचा नेम. तोवर आम्ही जेवायला ताटकळत. ताई बेकरीची व्हॅन चालवते, रोज गावभर पाव पोचवते. तिने एकदा ही गाडी मागितली, तर म्हणाले, "तुझा हात व्हॅनचा आहे."

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. कवळ्या करा, गाडी बंद. दाजी घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि भर दुपारी झोपायला गेले. त्यानंतर त्यांनी गॅरेजचं दारही उघडलं नाही. शेवटी एक गिऱ्हाईक ठरलं. शनिवारी दुपारी गाडी न्यायला येणार होतं.

त्या सकाळी गाडी पुसायला मला बोलावलं. गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं होतं, पंख्याचा जोर कुठवर नेलाय? गाडीतल्या जोर दाखवणाऱ्या काट्याला त्याची आठवण असते. एक कळ दाबली की आजवर सगळ्यात वर कुठे पोचला, ते दाखवतो. "पॉइंट आठ. त्याच्यावर एक रेघ नाही," दाजी छातीठोकपणे म्हणाले आणि कळ दाबली. काटा उठला तो थेट एक पॉइंट दोनवर जाऊन थांबला.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही, कारण ते माझ्याकडेच बघत होते.

"आईशप्पथ, मी हात लावलेला नाही!"

"मग कोणी लावला? कुलूप शाबूत, किल्ली खुंटीवर!"

कुलूप बदला, शेजाऱ्यांना विचारा, इथवर मजल गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई हात पुसत दारात उभी होती.

"मी," ती म्हणाली.

मी पुसायचं सोडून कोपऱ्यातल्या जुन्या टायरवर बसलो.

"उभी गाडी सडते, असं तुम्हीच म्हणता ना? तुम्ही इकडे फिरकत नव्हता. म्हणून दर मंगळवारी काढत होते, गोदामांच्या मागच्या रस्त्यावर. ते बटण चुकून दाबलं गेलं."

"चुकून?"

"पहिल्यांदा चुकून."

आता दाजी घर डोक्यावर घेणार, म्हणून मी मध्ये पडायला उठलो. दाजींनी विचारलं, "बंद करायच्या आधी दोन मिनिटं थांबत होतीस?"

"तीन."

त्यांनी काट्याच्या काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "कसं वाटतं गं?"

"मला काय विचारता? अकरा वर्षं तुम्हीच तर..."

"मी ते कधी दाबलंच नाही. धीर झाला नाही."

ताईच्या हातातलं फडकं गळून पडलं. दर रविवारी हा माणूस जिवाशी खेळतो म्हणून ती अकरा वर्षं धास्तावली होती, भांडली होती, जेवायची थांबली होती. आणि हा आपला सरळ फिरून परत येत होता! मला हसावं की रडावं कळेना. ताई मात्र रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बसा."

मागची सीट नुसती नावाला. गुडघे हनुवटीला लावून मी बसलो. दाजी आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर. गोदामांच्या मागे रस्ता मोकळा होता. "तुम्ही दाबा," ताई म्हणाली. बटण त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनीच लावलेलं, बोटाला बरोबर सापडलं.

माझं पोट मागेच राहिलं. दाजींच्या तोंडून असा आवाज निघाला की मला वाटलं, ॲटॅक आला. ते हसत होते, आणि गालांवर पाणी.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईक निघालं होतं. दाजींनी मागे न बघता फोन माझ्या हातात दिला.

"येऊ नको म्हणावं त्याला." मग ताईकडे वळून म्हणाले, "परत एकदा. या वेळी दुसऱ्या गिअरपासून."