गोगलगाय आणि पानकोबी

माझ्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सासूबाई आणि सासरे नागपूरहून वॉटफर्डला आले, व्हिसा पुरेल तितके दिवस राहायच्या तयारीनं. आईंनी स्वयंपाकघर हातात घेतलं. माझी वेणीसुद्धा त्याच घालायच्या. बाबांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी मागच्या गार्डनमध्ये मेथी पेरली. ती उगवली आणि गोगलगायींनी खाऊन टाकली. पुन्हा पेरली, पुन्हा तेच. अख्खा उन्हाळा बाबा चहाच्या आधी प्लास्टिकचा डबा घेऊन गोगलगायी वेचायचे आणि पार्कातल्या झुडपांत नेऊन सोडायचे. मारायच्या नाहीत, हे त्यांनीच ठरवलं होतं.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या बाई आमंत्रण घेऊन आल्या. एकट्या राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. दर हॅलोवीनला त्या गल्लीतल्या सगळ्यांना घरी बोलावतात. अट एकच, जोडप्यांनी जोडीनं काहीतरी बनून यायचं आणि ते घरीच केलेलं हवं. मला फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "आई, या वर्षी तुम्ही दोघं आमच्या वतीनं जा."

"काय बाई, या वयात सोंगं?" आई म्हणाल्या. पण डोळे शिवणाच्या डब्याकडे गेलेले मी पाहिले.

"बाबा गोगलगाय होतील," माझा नवरा म्हणाला.

बाबा ताडकन उठले. "मी? तिनं माझी मेथी खाल्ली!"

"मग मी पानकोबी होते," आई शांतपणे म्हणाल्या, "या खायला."

त्यांनी आमच्यासमोर बाबांची अशी थट्टा केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाबा पुन्हा खाली बसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग आमच्या हॉलचा कारखाना झाला. मी सोफ्यावर उशांना टेकून बसायचे आणि सूचना द्यायचे. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेल्या हिरव्या पडद्यांची आईंनी मोठी मोठी पानं कापली, कडेनं धावदोरा घालून दोरा ओढला, तशी पानांना खरीखुरी चुणी पडली. शिरा पांढऱ्या लोकरीच्या. शंखासाठी नवऱ्यानं जुनी दुलई लांब गुंडाळली, वर तपकिरी चादर शिवली, आणि जिलबीसारखी गोल फिरवून जुन्या सॅकवर घट्ट बांधली. पहिल्यांदा ती उलगडून बाबांच्या पायांत आली. तेव्हा बाबा स्वतःच सुतळी घेऊन बसले. "अशी बांधतात का? आण इकडे." लोकरीच्या टोपीवर तारेची दोन शिंगं आणि टोकांना पिंगपाँगचे बॉल. तेही त्यांनीच बसवले, आरशात बघून सरळ केले.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याचा हात धरून मागोमाग गेले. ऑपरेशननंतर इतकी चालले ती पहिल्यांदाच. गोगलगाय पुढे होती, त्यामुळे मला घाई करावी लागली नाही.

शेजारणीच्या दारात शंख अडकला. बाबांना आडवं होऊन आत सरकावं लागलं आणि सगळे हसले. मला वाटलं, आता ते चिडणार. पण ते वाकले आणि अतिशय सावकाश, एकेक पाऊल टाकत आईंच्या मागे निघाले. आई खोलीभर पळत होत्या, पानं सावरत. लहान मुलं ओरडत होती, "फास्टर! फास्टर!" बाबा थांबले आणि आपल्या जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम अ स्नेल. आय हॅव टाइम." आईंना हसून हसून खुर्चीत बसावं लागलं.

बक्षीस मिळालं चहाची किटली आणि कप झालेल्या समोरच्या जोडप्याला, आणि ते रास्तच होतं. बाबा मात्र शेजारणीशी गोगलगायींवर बोलत बसले. त्या म्हणाल्या, माझ्या लेट्यूसचंही दरवर्षी हेच होतं. उन्हाळाभर फक्त मान हलवून 'मॉर्निंग' म्हणणारी ही दोन माणसं, आता उठायचं नाव घेईनात.

घरी आल्यावर आईंच्या पाठीवरचे पानांचे टाके मी उसवत होते. आमच्याकडे घरच्या माणसांना थँक यू म्हणायची पद्धत नाही. इतके महिने त्यांनी मला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं, आणि मी काहीच म्हटलं नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून असेल, जमलं.

"आई, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले."

हात मागे करून त्यांनी माझं मनगट धरलं.

"सावकाश," म्हणाल्या, "पान फाटेल. नागपूरला न्यायचंय मला हे."

आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "अगं, ही सुतळीची गाठ कोणी सोडवेल का?"

"तुम्हीच बांधलीत ना?" आई म्हणाल्या, आणि पानं तशीच लोंबत असताना उठून त्यांच्याकडे गेल्या.